घाट उतरताना गाडी कोण धरतं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेत आजचा विषय 'पहिला एकट्याचा लांबचा प्रवास : तयारी' असा छापलाय. तयारीवर मी बोलणार आहेच. पण त्याआधी आंबोलीचा घाट सांगते. तो सांगितल्याशिवाय तयारीची यादी नुसतीच यादी राहील.

इथे बहुतेक सगळे साताऱ्याचे, त्यामुळे घाट म्हणजे काय हे तुम्हाला समजावायला नको. आपण घाटातच वाढलो. लग्नाचं वऱ्हाड खंबाटकीतून आणलं, पोरांना सुट्टीत यवतेश्वर चढून कासला नेलं. आणि तरी मी तुम्हाला विचारते, घाट उतरायला तुम्हाला कुणी शिकवलं? हात वर करा बघू. ...तीन हात. एवढ्या भरलेल्या सभागृहात तीन हात, आणि त्यातले दोघे एसटीतून निवृत्त झालेले दिसतात. बरोबर ना काका? तुमच्यासाठी एकदा टाळ्या व्हायला हव्यात.

मी सत्तेचाळिसाव्या वर्षी गिअरची गाडी, म्हणजे मोटरसायकल, शिकले. त्याआधी वीस वर्षं बिनगिअरची स्कूटर : शाळा, भाजी, दवाखाना. जिथे शिकले तिथे आठचा आकडा काढायला शिकवला, इंडिकेटर शिकवला, आणि दोन गोष्टी अगदी ठासून सांगितल्या. पहिली : "पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर पडाल." दुसरी : "उताराला न्यूट्रल करायची, पेट्रोल वाचतं." ही दोन वाक्यं मी नंतर शेजाऱ्यांकडून ऐकली, भावाकडून ऐकली, पंपावर हवा भरणाऱ्या मुलाकडूनही ऐकली. आपल्याकडे हा वारसाच आहे, घरोघर चालत आलेला. मला त्याचा राग आहे, आणि तो मी आज लपवणार नाही.

वेंगुर्ल्याला माझी मावशी राहते. दिवाळीनंतर तिच्याकडे एकटीने गाडीवर जायचं ठरवलं. तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर. त्याआधीचा माझा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे कास. पहाटे साडेपाचला निघाले. कऱ्हाड गेलं, कोल्हापूर बाजूला राहिलं, निपाणीला हायवे सोडून आत वळले, उत्तूरवरून आजऱ्याला पोचले. वाटेत जिथे जिथे चहाला थांबले, तिथे एकच प्रश्न : "एकट्याच?" आजऱ्याला एका आजींनी विचारलं नाही, नुसतं माझ्या हातमोज्यांकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ ऐकला असेल तुम्ही. त्या आजींच्या अंगणात त्याचं भात वाळत पडलं होतं, दारातच वास येत होता. मी तिथे वीस मिनिटं बसले. तेवढं बसले नसते तर पुढे घाटात माझं डोकं ताळ्यावर राहिलं नसतं असं मला अजून वाटतं.

दुपारी तीनच्या सुमाराला आंबोलीतून उतरायला लागले. कोरडा रस्ता, स्वच्छ ऊन, डावीकडे कातळ, उजवीकडे दरी. शिकवल्याप्रमाणे गाडी न्यूट्रलला टाकली. शिकवल्याप्रमाणे पुढच्या ब्रेकला हात लावला नाही. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवला तो ठेवलाच. सुरुवातीला गाडी अशी अलगद उतरत होती की मला वाटलं, झालं, जमलं. मग एक वास यायला लागला. जळक्या रबराचा, त्यात थोडा जळक्या केसांचा. मला वाटलं पुढच्या ट्रकचा आहे. दोन वळणं गेली. तिसऱ्या वळणाआधी पाय दाबला तर पॅडल नेहमीपेक्षा खाली गेलं. आणखी दाबलं, आणखी खाली गेलं, आणि गाडीचा वेग मात्र तसाच.

त्या क्षणी घाबरून गिअरवर पाय मारला असता तर? न्यूट्रल असतं पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे. खाली दाबलं की पहिला पडतो, मागचं चाक जागच्या जागी अडकल्यासारखं होतं आणि गाडी घसरते. ते मी केलं नाही. उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर टेकवली, हळूहळू आवळत गेले, आणि ज्या ब्रेकची मला सहा महिने भीती घातली होती त्याच ब्रेकने गाडी कठड्याशी आणून उभी केली.

तिथे एक मालट्रक थांबला होता. चालक टायरपाशी उकिडवा बसून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, गार व्हायची वाट बघत होता. मी उतरले, पाय थरथरत होते. बाटली काढून मागच्या ड्रमवर पाणी ओतणार, तेवढ्यात तो ओरडला, "पाणी नगं ताई! तडकंल!" मग जवळ आला, हात ड्रमपासून वीतभर लांब धरला आणि झटकन मागे घेतला. म्हणाला, "न्यूट्रलवर घाट उतरताय व्हय? अवं, चढायला जो गिअर लागला असता, त्योच उतरायला टाकायचा. मग गाडी सोताच धरून ठेवती."

अर्धा तास आम्ही तिथे बसलो. मी त्याला मावशीसाठी नेलेले कंदी पेढे दिले. मग दुसरा गिअर टाकून मी उरलेला घाट उतरले. इंजिन गुरगुरत होतं, ब्रेकला फक्त वळणाआधी हात लावावा लागत होता. घाट तोच होता. दरीच्या बाजूला असलेला सूर्य मला तेव्हा पहिल्यांदा दिसला.

आता मी विज्ञानाची शिक्षिका आहे, म्हणून हिशेब मांडल्याशिवाय मला राहवत नाही. गाडी, मी आणि सामान मिळून 230 किलो धरा. आंबोली समुद्रसपाटीपासून 690 मीटरच्या आसपास, त्यातलं 600 मीटर उतरणं धरा. 230 गुणिले 9.8 गुणिले 600. साडेतेरा लाख ज्यूल. म्हणजे किती? चार लिटर पाणी थंड असताना चुलीवर ठेवून खळखळा उकळायला लागते तेवढी उष्णता. काही भाग वारा खातो, काही टायर खातात. उरलेली कुठेतरी जायलाच हवी. मी ती सगळी मागच्या चाकातल्या एका लहानशा ड्रममध्ये कोंबत होते. ड्रम तापून फुगतो, लायनरला त्याच्यापर्यंत पोचायला जास्त सरकावं लागतं, आणि तापलेल्या लायनरची पकडही कमी होते. पॅडल खाली गेलं ते म्हणून.

गाडी गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायची उजवी मूठ, बंद केलं की चाक इंजिनला फिरवतं. पिस्टनला बंद वाटेने हवा ओढावी लागते, त्यात जोर जातो, आणि इंजिन ही उष्णता बाहेर टाकायलाच बनवलेलं आहे. त्याला फासळ्या त्यासाठीच असतात. आणि पेट्रोल वाचतं म्हणणाऱ्यांसाठी : इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात पेट्रोल मोजून फवारणाऱ्या, गाड्यांमध्ये थ्रॉटल बंद करून गिअरमध्ये उतरताना पेट्रोल जवळजवळ तोडलं जातं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे जे वाचवायला आपण जीव टांगणीला लावतो ते वाचतही नाही. हे मी शाळेत दरवर्षी दहावीला सांगते. ऊर्जेच्या धड्याला मला याहून चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

पुढच्या ब्रेकचंही तसंच. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं, मागचं चाक हलकं होतं. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचंच चाक करतं. हँडल वळलेलं असताना किंवा वाळूवर तो झटक्यात आवळला तर पडाल, हे खरं. म्हणून तो सरळ रस्त्यावर, हळूहळू आवळायला शिकवायचा. 'दाबायचा नाही' हे शिकवणं नव्हे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे, माझ्याही पुढच्या चाकाला होतं. ते असून मी ब्रेकला हात लावत नव्हते.

...चिठ्ठी आली. सात मिनिटं. अध्यक्ष, मला दहा द्या. बरं, सात.

तर तयारी. भराभर सांगते, लिहून घ्या.

ब्रेक ऑइल : गाडीला डिस्क ब्रेक असेल तर निघण्याआधी बदलून घ्या. हे तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट फोर प्रकारचं कोरडं तेल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच मर्यादा 155 वर येते. घाटात 155 लांब नसतं.

चेन : ढिलाई साधारण बोटभर, 25 ते 30 मिलिमीटर, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा. पाचशे किलोमीटरला तेल. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची.

सामान : जड ते खाली आणि मधे, दोन्ही बाजूंना सारखं. मागच्या टोकाला उंच बांधलं तर पुढचं चाक हलकं पडतं. दोरीचं लोंबतं टोक चाकात जातं, ते कापून टाका किंवा आत खोचा. एक जादा क्लच केबल घ्या. हेल्मेट आयएसआय शिक्क्याचं, पट्टा हनुवटीखाली घट्ट.

थांबणं : दर सत्तर-ऐंशी किलोमीटरला, थकण्याआधी. पोट भरून जेवू नका, दुपारी डोळा लागतो. अंधार पडायच्या आत मुक्काम. घरच्या एकाच माणसाला प्रत्येक थांब्यावरून फोन करा, दहा जणांना नको.

आणि एकट्याने जायचं की नाही हा प्रश्न मी मुद्दाम घेतला नाही. ज्याला जायचंय तो जाईल. त्याला घाट उतरता यावा एवढंच माझं म्हणणं आहे.

वेळ संपली, प्रश्न खाली उभी राहून घेते. उद्या रविवार आहे. ज्यांच्या घरी कुणी नवीन गाडी शिकतंय, त्यांना घेऊन सकाळी साडेसहाला वाचनालयापाशी या. यवतेश्वरचा घाट चढू, वर चहा घेऊ, आणि दुसऱ्या गिअरमध्ये सगळे मिळून उतरू. एसटीतले दोन्ही काका येताय ना? पुढे तुम्हीच राहा.