केदारनाथला निघालेल्या मधुमेहींसाठी

श्रोतेहो, नमस्कार. केदारनाथची दारं उघडली की पणजी, म्हापसा, फोंड्यातून यात्रेकरूंची लगबग सुरू होते. माझ्या दवाखान्यात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, उंचावर चाललं की साखर उतरते म्हणे. मग गोळी बंद करू?"

मुळीच नको.

साखर उतरते हे खरं, पण अर्धंच. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब आपल्या किनाऱ्याच्या जेमतेम दोन-तृतीयांश. त्यामुळे दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. ही तूट जाणवली की स्नायू रक्तातली साखर जास्त ओढू लागतात, तेही इन्सुलिनची वाट न बघता. चालण्यानेही हेच होतं, म्हणून चढणीवर दोन्हींची भर पडते. पेशींना ऑक्सिजनची तूट कळते कशी, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या शास्त्रज्ञांना 2019 चं नोबेल मिळालं.

पण पहिले काही दिवस शरीर बिथरलेलं असतं. ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसोल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, रक्तदाब चढतो, साखरही उलटी वर जाऊ शकते. त्यात भूक मरते. गोळी नेहमीची, जेवण दोन घास आणि दिवसभर चढण, असं झालं की साखर धाडकन खाली येते. डोकं दुखणं, गरगरणं, थकवा ही लक्षणं उंचीमुळेही येतात, त्यामुळे नुसत्या अंदाजावर राहू नका, साखर तपासा. ग्लुकोमीटर आणि इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. गारठ्यात मीटर चुकतो, आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं.

उंचावर वजन उतरतं म्हणून खूश होणारेही भेटतात. त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि साखर जाळणार ते स्नायूच. मला तरी हा सौदा तोट्याचा वाटतो.

आपला चोर्ला घाट जेमतेम आठशे मीटर, तेव्हा उंचीची सवय गोव्यात बसून होणार नाही. दम मात्र वाढवता येतो. मिरामारच्या किनाऱ्यावर गप्पा मारत घातलेल्या फेऱ्या पुरणार नाहीत. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण रोज चढा, दोन महिने आधीपासून. गोळ्यांची मात्रा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि हेलिकॉप्टरने थेट वर उतरणार असाल, तर अंगाला सवय व्हायला वेळच मिळत नाही. आधी वाटेत एखाद्या उंच ठिकाणी दोन दिवस मुक्काम ठेवा.