सपाट वाचा, सर

मित्रहो, 'स्वयंसेवेमुळे करिअर कसं समृद्ध होतं' यावर बोला, असं मला सांगितलंय. खरं सांगू? बायोडेटात एक ओळ वाढावी म्हणून रविवारी झाडू हातात घेऊन फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे या विषयाला मी जरा बिचकतो. तेव्हा सगळ्यांच्या समृद्धीचं राहू द्या. मी माझ्यापुरतं बोलतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. लोक जे स्क्रीन वापरतात त्यांची आखणी करणं हे माझं काम. दहाएक वर्षांपूर्वी एका मित्राने फोन केला, "उद्या सकाळी मोकळा आहेस का? एका अंध मुलीचा रायटर आजारी पडलाय." विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणाऱ्याला सरकारी कागदावर 'लेखनिक' म्हणतात, पण परीक्षेच्या खोलीत सगळे रायटरच म्हणतात. बीएचा इतिहासाचा पेपर होता. तीन तासांचा पेपर, अंध विद्यार्थ्याला तासामागे किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे चार तास लिहायचं. कॉलेज सुटल्यापासून मी सहीपलीकडे पेन धरलं नव्हतं. दुसऱ्या तासाला अंगठा बधिर झाला.

पण गोष्ट अंगठ्याची नाही. पहिलाच प्रश्न 'योग्य पर्याय निवडा' असा होता. मी चारही पर्याय वाचले. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "सर, सपाट वाचा ना. बरोबर उत्तर आलं की तुमचा आवाज बदलतो. मला माझ्या मनाने सांगू द्या."

मला इतिहासाची थोडी आवड आहे, तीच नडली. मी मुद्दाम काही करत नव्हतो, पण बरोबर पर्यायाशी आवाज आपोआप रेंगाळत होता. फुकट मिळणारा मार्क ती मुलगी नाकारत होती. सुपरवायझर समोर बसले होते, त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढे एका उत्तरात ती म्हणाली, "सालबाईचा तह, 1802." पेन थबकलं. सालबाईचा तह 1782 चा. 1802 चा तो वसईचा. तिने दोन्ही तहांची अदलाबदल केली होती. मी एक क्षण थांबलो आणि 1802 लिहिलं. आपल्याला माहीत असलेली चूक आपल्याच अक्षरात लिहिताना काय होतं, ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आठ-नऊ वर्षांच्या नोकरीत एवढं गप्प बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ऑफिसात मला बोलण्याचेच पैसे मिळतात.

सोमवारी ऑफिसात आमच्या नव्या स्क्रीनची चाचणी होती. बाहेरच्या चारपाच लोकांना बोलावून, त्यांना वापरायला सांगून आम्ही प्रश्न विचारतो. मी विचारलं, "हे बटण इथे सोयीचं आहे ना?" आणि माझाच आवाज मला ऐकू आला. ते 'ना' ऐका. समोरचे काका सभ्यपणे "हो हो, छान आहे" म्हणाले. मी वर्षानुवर्षं लोकांना बरोबर पर्याय आवाजातून सांगत होतो, आणि त्यांनी तो निवडला की 'ग्राहकांना आवडलं' असा अहवाल लिहीत होतो! त्या दिवसापासून प्रश्न बदलले. "पैसे भरायचेत, भरून दाखवा," एवढंच म्हणायचं आणि हात मांडीखाली घेऊन बसायचं. शब्दशः. नाहीतर बोट आपोआप स्क्रीनकडे जातं.

मग त्या मुलीला कॉम्प्युटर कसा ऐकू येतो हे बघायची खुमखुमी आली. एनव्हीडीए नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने ते 2006 मध्ये सुरू केलं. मी ते चालू केलं, मॉनिटर बंद केला आणि आमचंच ॲप उघडलं. टॅब दाबला. "बटण." पुन्हा टॅब. "बटण." पुन्हा, "बटण." कुठलं बटण? आम्ही सुबक चित्रं काढली होती आणि त्यांना नावं द्यायचं विसरलो होतो. नावं द्यायला एका माणसाचे दोन दिवस गेले. ते काम पुढे माझ्याकडेच आलं आणि आज माझ्या पदाच्या नावातही ते आहे. घ्या, तुमचा करिअरचा मुद्दा आला.

मात्र त्यासाठी म्हणून मी तिथे गेलो असतो, तर पहिल्याच पेपरला तिचं टोकणं मला लागलं असतं, आणि दुसऱ्या पेपरला मी गेलोच नसतो.

आता मी रायटर म्हणून बसत नाही. 2013 च्या केंद्र सरकारच्या सूचनांत रायटरच्या शिक्षणावर बंधन घालू नये असं होतं. 2018 मध्ये ते बदललं. विद्यार्थी स्वतःचा रायटर आणणार असेल, तर रायटरचं शिक्षण विद्यार्थ्यापेक्षा एक पायरी खालचं हवं, असं तेव्हा ठरलं. नियम का केला ते कळतं, पण ऐन वेळी असा रायटर शोधताना मुलांची होणारी धावपळही मी पाहिली आहे. यावर तुमच्यापैकी कोणी कॉलेजचे विद्यार्थी असतील तर नंतर भेटा. या मुलांना माझ्यापेक्षा तुमची गरज जास्त आहे.

मी पुस्तकं रेकॉर्ड करून देतो. शनिवारी सकाळी, खिडक्या लावून, पंखा बंद करून. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात. ती मुलगी आता नोकरी करते, पण मी केलेलं पहिलं प्रकरण ऐकायला तिलाच पाठवतो. गेल्या महिन्यात उत्तर आलं, "बरंय सर. पण पान 14 वर तुमचं मत ऐकू येतंय."

पुन्हा वाचलं.