गिद्धा घालायचा असतो

(पडद्यावर: गावाबाहेरचा पिंपळ, ओली माती, फांदीला दोरखंडाचा झोका. आवाज फक्त टाळ्यांचा.)

पंजाबचा नाच म्हटला की आपल्याला ढोल आठवतो आणि भांगड्यातले उंचेपुरे गडी. या रिंगणात ढोल नाही. टाळ्या आहेत, जुतीच्या टाचा आहेत, पंधरावीस बायकांचे गळे आहेत. फार तर एखादी ढोलकी. हा गिद्धा.

पंजाबीत गिद्ध्याला क्रियापद लागतं ते 'पाउणा', म्हणजे घालणं. गिद्धा घालायचा, बोलीही, म्हणजे त्यातलं छोटं गाणंही, घालायची. आपण फुगडी घालतो, तसंच.

श्रावण शुद्ध तृतीयेला 'तीयां', म्हणजे बायकांचा श्रावणातला सण, सुरू होतात. पूर्वी त्या पौर्णिमेपर्यंत चालत. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. नव्या नवरीनं पहिला श्रावण माहेरीच काढायचा, अशी रीत. जिला येणं जमत नाही, तिच्याकडे माहेरून कपडे, बांगड्या, मिठाई असा 'संधारा' जातो. घरोघरी खीर आणि घावनासारखे गोड पुडे होतात. मंगळागौर जागवलेल्या बाईला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. किकली बघा: हातांचा तिढा, जुळलेली पावलं, मागे झोकून दिलेलं अंग आणि गरगर गिरक्या. ही तर फुगडीच!

(रिंगण जवळून. एकच चेहरा.)

गिद्ध्याचा जीव मात्र बोलीत असतो. एकजण पुढे होते आणि बोली घालते. बाकीच्या कान देऊन ऐकतात. शेवटच्या ओळीवर तिचा आवाज चढतो, अख्खं रिंगण ती ओळ उचलून धरतं, टाळ्यांना वेग येतो आणि दोघी मध्ये उतरून नाचू लागतात. ओळ निवली की दुसरी बाई पुढे येते. आधी एकीचं म्हणणं सगळ्यांनी ऐकायचं, मग नाचायचं.

आणि म्हणणं असतं तरी काय? सासूचा जाच, नणंदेचा तोरा, व्यसनी नवरा, दूर दिलेलं माहेर. घरात जेठ, म्हणजे थोरला दीर, आला की पदर ओढून गप्प होणारी सून इथे त्याच जेठाची नक्कल करते. तीयांच्या पिंपळाखाली पुरुषांनी फिरकायचं नसतं, त्यामुळे तिला कुणी अडवत नाही. गिद्ध्याचं मूळ पावसात आहे, शेतीत आहे, हे खरंच. पण मला ते सर्वांत जास्त या मोकळ्या केलेल्या जागेत दिसतं.

पुष्कळ बोली चरख्यापाशी जमल्या. मुली-बायका एकत्र बसून सूत कातत, ती बैठक म्हणजे 'त्रिंजण'. जात्यावरच्या ओवीसारखीच बोलीही पिढ्यान्‌पिढ्या एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी गेली.

(जुनी छायाचित्रं: फलाटावरचे शिपाई.)

पहिल्या महायुद्धात पंजाबातल्या शेतकऱ्यांची पोरं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढायला गेली. मागे राहिलेल्या बायकांच्या गाण्यांत 'लाम' हा शब्द आला. लाम म्हणजे युद्धाची आघाडी. एक बाई म्हणते, बसऱ्याची लाम मोडून पडो, म्हणजे मी विधवेची सवाष्ण होईन. नवरा गेल्याची बातमी आलेली नाही, तरी ती स्वतःला विधवा म्हणते आहे. इतक्या थोड्या शब्दांत युद्धाचं असं दुःख मी क्वचित ऐकलं आहे.

ही गाणी गोळा करायला देवेंद्र सत्यार्थी गावोगाव हिंडले. 1936 साली आलेल्या त्यांच्या लोकगीतांच्या पुस्तकाचं नावच 'गिद्धा' होतं.

सतलजच्या दक्षिणेला, पंजाबातल्या माळव्यात, पुरुषही गिद्धा घालतात. त्यांचा बाज निराळा. चिमटा, अलगोजा अशी वाद्यं त्यांच्या साथीला असतात.

(युवक महोत्सवाचा रंगमंच.)

आज गिद्धा रंगमंचावर आहे. एकसारखे घागरे, फुलकारीच्या भरतकामाच्या ओढण्या, डोक्यावर सग्गी-फुल हा दागिना, मोजून दिलेली मिनिटं. देखणा दिसतो, आणि या मुलींची मेहनत खरी आहे. पण बोली आधीच ठरलेली असते. मनात आलं म्हणून पुढे सरणाऱ्या बाईला तिथे वाव नाही. ती भेटते लग्नघरात, 'जागो'च्या रात्री, दिव्यांनी उजळलेली घागर डोक्यावर घेऊन आजोळच्या बायका गल्लीतून निघतात तेव्हा.

(पुन्हा पिंपळ. संध्याकाळ.)

पौर्णिमा झाली की तीयां सरत. एका जुन्या बोलीत श्रावण हा भाऊ आहे, तो मैत्रिणींना एकत्र आणतो. आणि भादवा ही करंटी बाई, ती त्यांची ताटातूट करते.

(झोक्याचे दोर सोडले जातात.)