लोणी चोरीला जायची रात्र

नमस्कार मंडळी! आयर्लंडचा सण म्हटलं की आपल्याला हॅलोविन आठवतो नाहीतर सेंट पॅट्रिक्स डे, पण मला आज बोलायचंय ३० एप्रिलच्या रात्रीबद्दल, कारण तिकडच्या जुन्या शेतकरी घरांची झोप उडायची ती याच रात्री. दुसऱ्या दिवशी १ मे, ब्याल्टनाचा सण, तिकडचा उन्हाळा सुरू, गुरं डोंगरावरच्या कुरणात न्यायची, दूधदुभतं वाढणार, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी आपलं लोणी पळवणार ही धास्ती.

पळवणार म्हणजे भांडं उचलून नाही हां, त्यातली बरकतच न्यायची. शेजारीण पहाटे येऊन तुमच्या शेतातलं दव फडक्याने टिपून नेते, नाहीतर सशाचं रूप घेऊन गाईला पिते, मग तुम्ही वर्षभर घुसळत बसा, लोणी येणार तिच्या घरी! म्हणून त्या दिवशी दूध, मीठ, विस्तव घराबाहेर द्यायचा नाही, कोणी पाइप पेटवायला निखारा मागितला तरी नाही. घुसळण चालू असताना पाहुणा आला तर त्याने दोन हात मारल्याशिवाय जायचं नाही. उंबऱ्यावर प्रिमरोजची पिवळी फुलं टाकायची, अंगणात हॉथॉर्नची काटेरी फांदी रोवून तिला रिबिनी आणि ईस्टरच्या अंड्यांची रंगवलेली टरफलं लटकवायची, पण तीच फांदी घरात आणली तर मात्र अपशकुन.

हे सगळं वेडगळ म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही. अहो, कितीतरी घरांचा जमीनदाराचा खंड या लोण्यावर भागायचा, कॉर्क शहराच्या बाजारातून पिंपंच्या पिंपं भरून परदेशी जायची. साय जरा थंड राहिली, भांड्याला वास लागला की लोणी धरत नाही, पण तेव्हा थर्मामीटर कुठे होता, मग बोट दाखवलं जायचं शेजारणीकडे, त्यातही एकट्या म्हाताऱ्या बाईकडे, आणि हे मला फार लागतं.

१९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांनी आजी-आजोबांना विचारून असल्या गोष्टी वह्यांमध्ये उतरवल्या, जवळपास ५०,००० मुलांनी! त्या वह्या आता ऑनलाइन फुकट वाचता येतात, त्यातली मे महिन्याची आणि लोण्याची पानं जरूर काढून बघा.