भाव नसलेल्या वस्तूंचं काय करायचं?

अध्यक्ष, संयोजक मंडळी आणि जमलेले सगळे. कचऱ्यावरचं व्याख्यान ऐकायला एवढी गर्दी होईल असं वाटलं नव्हतं. मघाशी संयोजकांना तसं बोललो, तर म्हणाले, 'उद्या इथंच भजनस्पर्धा आहे, काही जण तारीख चुकलेत.' बसा, बसा. चुकून आलात तरी बसा.

पत्रिकेत माझा विषय 'घर, दुकान आणि कचरा वेगळा करण्याची सक्ती' असा छापलाय. नावापुढं 'पर्यावरण अभ्यासक' असंही छापलंय, ते मी दिलेलं नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, भंगार खरेदीला होतो. नोकरीभर भंगार बघितलं, निवडलं, काट्यावर चढवलं आणि भावावरून भांडलो. तेवढाच माझा अधिकार. आधी घर, मग दुकान, मग पंचायत, असे तीन भाग ठरवून आलोय.

तुम्हाला वाटेल, भंगार ते भंगार, टाकलं भट्टीत की झालं लोखंड. तसं नाही हो. बिडाचं वेगळं, पोलादाचं वेगळं, लेथवरून पडलेला चुरा वेगळा. त्यात जस्ताचा पत्रा आला की पांढरा धूर उठतो आणि भट्टीवाला खोकत खोकत माझ्या खानदानाचा उद्धार करतो. शिसं बिडात मिसळलं तर कास्टिंग वरून देखणं दिसतं आणि कामाला लावलं की दगा देतं. आणि मोटारसायकलचा जुना शॉकअप, बंद तोंडाचा, तसाच आत गेला तर स्फोटच. म्हणून ट्रक आला की माणसं ढिगावर बसून निवडायची. त्यांना कुठला कायदा शिकवायला आला नव्हता. निवडलेल्या मालाला दर चांगला, न निवडलेल्याला कमी, एवढं त्यांना पुरत होतं. ओतकाम झालं की रनर-रायझर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड, तोडून पुन्हा भट्टीत, काही वाया जात नाही.

पण त्याच फौंड्रीतून साच्यांची जळकी वाळू निघते. ती पुन्हा पुन्हा वापरतात, बेंटोनाइट माती घालतात, कोळशाची पूड घालतात, तरी काही वाळू शेवटी बाहेर काढावीच लागते. लोखंडाचा तुकडा कुणी वाटेवर सांडू देणार नाही. वाळू भरलेला टिपर रात्री कुठं रिकामा झाला, हे मात्र सकाळी कुणालाच माहीत नसतं. माल एकाच दारातून बाहेर पडतो, एकाला भाव आहे आणि एकाला नाही. हे लक्षात असू द्या.

आता नियम. २०१६ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं घनकचऱ्याचे नियम काढले. घरातच तीन भाग करायचे, ओला, सुका आणि घरातला घातक कचरा, म्हणजे रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं, बॅटऱ्या वगैरे. २०२६ च्या नव्या नियमांत चार भाग झाले, कारण डायपर आणि सॅनिटरी पॅड वेगळे काढले. 'हसी कस, ओण कस', म्हणजे ओला कचरा, सुका कचरा, असं कन्नडात गात गाडी येते ती याच्यासाठी. आमच्या नातवाला ते गाणं पाठ आहे, शुभं करोति अजून येत नाही. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा काढणारी हॉटेलं, वसतिगृहं, कार्यालयं यांच्यावर जादा जबाबदारी आहे.

आणि त्या २०१६ च्या नियमांत एक कलम होतं, माझं फार लाडकं. परवाना नसलेल्या जागेत शंभरावर माणसं जमणार असतील तर निदान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, आणि कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी जमवणाऱ्याची. हे वाचलेली माणसं आपल्या भागात किती असतील? वाचून पाळायला गेलेला तर मी एकटाच असणार, आणि का एकटाच ते ऐका.

थोरल्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, शहरात. भावोजी म्हणाले, 'कार्यालयाचं एवढं भाडं कशाला, परसात जागा आहे की.' माणसं सातशेच्या घरात. मी म्हटलं, भावोजी, कळवावं लागतं. तर म्हणाले, 'कुणाला राहिलंय? सगळ्यांना पत्रिका गेल्या.'

शेवटी मीच गेलो. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही, माझी तिथं अजून कामं असतात. अर्ज मराठीत एक आणि शेजारच्या मास्तरांकडून कन्नडात लिहून घेतलेला एक, दोन्ही खिशात. भाषेवरून माघारी यायला नको. पहिल्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, 'याक बंदीरी?' म्हणजे कशाला आलात? मी सांगितलं, भाचीचं लग्न आहे. 'छान. वयाचा दाखला आणलाय?' त्या विवाह नोंदणीच्या निघाल्या. म्हटलं, लग्न अजून व्हायचंय, मी आधी कचऱ्याचं सांगायला आलोय. बाई शेजारणीकडं बघून म्हणाल्या, 'माणसं लग्न झाल्यावर असं बोलतात, हे आधीच बोलायला लागले.'

दुसऱ्या टेबलावर म्हणाले, लाउडस्पीकर पोलिसांकडं. म्हटलं, लाउडस्पीकर नाही, कचरा. 'मग मांडवाचे खड्डे रस्त्यात येणार काय?' नाही. 'मग आमचं काय काम?' तिथून आरोग्य विभागात. तिथं उजवीकडं जन्माचे दाखले, डावीकडं मृत्यूचे दाखले, आणि मधल्या टेबलावर कचरा. आपल्या प्रशासनाला तत्त्वज्ञान नाही असं कोण म्हणतो?

मधल्या टेबलावरचे गृहस्थ सज्जन होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला. 'असा नियम कुठाय?' मी छापील पान पुढं केलं. त्यांनी जन्मवाल्याला बोलावलं. दोघांनी वाचलं. जन्मवाला म्हणाला, 'होय की.' मृत्यूवाला पण उठून आला. तिघं माझ्याकडं अशा नजरेनं बघायला लागले की मी कुणाचं तरी नाव सांगणार आहे. मग साहेबांच्या खोलीत. साहेबांनी विचारलं, 'तक्रार कुणाविरुद्ध आहे?' म्हटलं, माझ्याच विरुद्ध, आगाऊ. साहेब हसले नाहीत. म्हणाले, 'हे बघा, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं. आता कळलंय म्हटल्यावर आम्हाला काहीतरी करावं लागणार. कशाला आम्हाला अडचणीत घालता?' शिक्का मिळाला पण. तो कागद मी लग्नाच्या अल्बमात लावलाय.

लग्न झालं. मांडवाच्या तोंडाला तीन पिंपं ठेवली होती, ओला, सुका, इतर. एका पाहुण्यानं आहेराचं पाकीट सुक्यात टाकलं, ते भावोजींनी हात घालून काढलं. पहिल्या दोन पंगती केळीच्या पानावर झाल्या, मग पानं संपली आणि चंदेरी कागदाच्या पत्रावळी आल्या. पाणी बाटल्यांत आणि ते झाकणाला वर्ख लावलेले छोटे पेले असतात ना, त्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, जोडपं आलं. वयस्कर. नवरा माझ्याशी मराठीत, बायकोशी कन्नडात. मी कौतुकाची वाट बघत पिंपांशेजारी उभा. त्यांनी ताडपत्री पसरली आणि माझी तिन्ही पिंपं तिच्यावर ओतली! मी म्हटलं, 'मामा, मी वेगळं करून ठेवलेलं की.' मान वर न करता म्हणाले, 'तुमी डब्यापरमानं केलाय, आमी दरापरमानं करतोय.'

बघता बघता बाटल्या एका पोत्यात, पुठ्ठा दुसऱ्यात, जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक चेपलेलं पातेलं कुणी टाकलं होतं ते तिसऱ्यात. केळीची पानं आणि उरलेला भात शेजारच्या म्हशीला. राहिलं काय? चंदेरी पत्रावळी, पेल्यांची झाकणं, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या. मी विचारलं, हे? म्हणाले, 'ह्याला कोण घेतोय हो.'

एवढंच सांगायला मी आलोय. आपल्या बायका मुळातच कचरा वेगळा करत आल्या आहेत. रद्दी पलंगाखाली, तेलाचे डबे माळ्यावर, सालं म्हशीला, शेण खड्ड्यात. ज्याला भाव आहे ते निवडायला सक्ती लागली नाही. सक्ती आली ती ज्याला भाव नाही त्याच्यासाठी. आणि भाव नसलेली वस्तू घरात तयार होत नाही. ती कारखान्यात तयार होते, दुकानातून येते, आणि दंडाची पावती मात्र दारात उभ्या असलेल्या बाईच्या नावानं फाटते. सक्ती नको असं मी म्हणत नाही. चुकीच्या टोकाला धरलीय, असं म्हणतोय.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेचं सांगतो, दोन मिनिटं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कर्नाटकनं २०१६ च्या मार्चमध्ये बंदी आणली, महाराष्ट्रानं २०१८ च्या मार्चमध्ये. मधली दोन वर्षं कर्नाटकातल्या बाचीत बेकायदा असलेली जाड पिशवी पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीत कायदेशीर होती. सीमावादात आपण एकेका गावासाठी सुप्रीम कोर्टात २००४ पासून उभे आहोत. एवढ्या दाव्या-प्रतिदाव्यांत त्या पिशवीवर हक्क सांगायला दोन्हीकडून कुणी आलं नाही. पण महाराष्ट्राच्या त्या २०१८ च्या अधिसूचनेत एक शहाणपण होतं. दुधाची पिशवी परत आणून देणाऱ्याला ५० पैसे द्यायचे, अशी तरतूद. अमलात नीट आली नाही, दूधवाल्यांनी कुरकुर केली. पण बघा, भाव नसलेल्या गोष्टीला कायद्यानं भाव लावायचा, हा विचार तिथं होता. सरकारनं भंगारवाल्यासारखा विचार केलेला मी तेवढाच बघितला...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अहो, घर आत्ता कुठं झालंय, दुकान आणि पंचायत राहिलीय. बरं, पळवतो.

घराचं एकच राहिलं. दूध नंदिनीचं असो की गोकुळचं, पिशवीचा कोपरा कापून तुकडा वेगळा पाडू नका, अर्धवट कापा, पिशवीला चिकटून राहू दे. पिशवी भंगारात जाते, तो तुकडा नाल्यात जातो.

दुकान. प्लॅस्टिकच्या वेष्टनाची जबाबदारी माल बनवणाऱ्यावर आहे, हे २०१६ च्या प्लॅस्टिकच्या नियमांतच आलंय, २०२२ मध्ये ते आणखी कडक झालं. कंपन्या ती जबाबदारी पुरी करतात ती कुठंतरी लांब, प्रमाणपत्रावर. आपल्या गल्लीत कंपनीचा टेम्पो येतो, पुड्यांची खोकी उतरवतो आणि रिकामा जातो. तो रिकामा का जावा? दुकानदारानं दारात एक पोतं लावावं, रिकाम्या पुड्या त्यात, आणि पोतं त्याच टेम्पोतून परत. पुड्या देणाऱ्या गिऱ्हाइकाला बिलात काही पैसे सूट. दुकानदार म्हणतील आम्हाला जागा नाही. पुड्यांच्या माळा टांगायला जागा होते की! परत गेलेल्या पुड्यांचं नवं प्लॅस्टिक सहजासहजी होत नाही, कारण तिच्यात प्लॅस्टिकला वर्ख चिकटवलेला असतो. पण सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतात. कोरड्या असल्या तरच. आमटीत भिजलेली पुडी तिथं कुणी घेत नाही. म्हणून ओला कचरा वेगळा ठेवायचा, गाणं वाजतंय म्हणून नव्हे.

पंचायत. स्वच्छ वाहिनी, म्हणजे पंचायतीच्या कचरागाड्या, गावागावात आल्या, कितीतरी ठिकाणी बचत गटाच्या बायका त्या चालवतात, शेडमध्ये बसून निवडतात. भाव असलेला माल विकून त्यांचा थोडा खर्च निघतो. भाव नसलेल्याचे गठ्ठे शेडमध्ये पडून राहतात, उंदीर होतात, मग रात्री कुणीतरी काडी लावतो. माझी मागणी अशी की पंचायतीनं घरपट्टीबरोबर सगळ्यांकडून सारखे पैसे घेण्यापेक्षा दुकानांकडून, ते विकत असलेल्या भाव नसलेल्या मालाच्या हिशेबानं घ्यावेत आणि ते त्या बायकांना निवडणुकीची मजुरी म्हणून द्यावेत. निवडणूक म्हणजे कचऱ्याची, पंचायतीची नव्हे. घाबरू नका, सदस्य बसलेत समोर.

तुरमुरीचं पण बोलायचं होतं. शहराचा कचरा वेंगुर्ला रस्त्यानं तिकडं जातो, वास आपल्याच माणसांनी काढायचा, हा स्वतंत्र तासाचा विषय आहे. पुन्हा बोलावलं तर सांगेन. जळक्या वाळूचंही राहिलं. ट्यूबलाइट, बॅटऱ्या, पॅड, ज्याचं त्याचं वेगळं गुंडाळून ठेवा, एवढ्यावर आज भागवा.

अध्यक्ष घड्याळ बघतायत आणि मागं चहा आलेला दिसतोय. कागदी कपात आहे. त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून आपला रद्दीवाला तो घेत नाही आणि म्हैसही खात नाही. पिऊन झाल्यावर कुठल्या डब्यात टाकायचा ते मला विचारू नका, संयोजकांना विचारा. शंभरावर माणसं दिसतायत, त्यांनी कळवलंय का तेही विचारा.