पपईवर आळ

(फोंडा तालुक्यातल्या एका महिला मंडळात निवृत्त नर्सबाईंनी केलेलं भाषण, थोडं नीट करून)

विषय दिलाय ‘गर्भपाताची लक्षणं’, वेळ वीस मिनिटं. पण आधी पपईचं बोलते, नाहीतर मला रात्री झोप लागायची नाही.

माझी दुसरी खेप, दोन महिने झालेले आणि चवथ तोंडावर. घर माणसांनी भरलेलं, मी नेवऱ्या तळतेय. बाथरूमला गेले तर डाग. तपकिरी, कॉफी सांडल्यासारखा. वॉर्डात पेशंटला मी दहा प्रश्न विचारले असते. घरी काय केलं? पॅड लावलं आणि परत झारा हातात घेतला. सांगितलं असतं तर सोवळ्याचा प्रश्न, बाजूला बसवलं असतं, आणि नेवऱ्या कोण तळणार? हसू नका, तुमच्यातल्या निम्म्या अशाच आहेत. रात्री ओटीपोटात पाळीच्या दुप्पट कळा, कंबर मोडल्यासारखी, मग गाठी पडायला लागल्या. पहाटेपर्यंत सगळं संपलं.

सासूबाईंचा पहिला प्रश्न, ‘पपई खाल्लीस?’ आठवडाभर तोच. शेवटी परसातलं झाड तोडायला लावलं. ते झाड नर होतं हो! नुसते फुलांचे तुरे लोंबायचे, जन्मात एक फळ धरलं नव्हतं.

आणि आपला शब्द बघा, ‘पोट पाडलं’. जणू बाईच्या हातून बशी निसटली. कळलेल्या शंभर गर्भारपणांत दहा ते वीस असे जातात, बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत. त्यातल्या साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचाच हिशेब चुकलेला असतो. तो स्कूटरने चुकत नाही, कुणाच्या नजरेनेही नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, भरभर सांगते.

सुरुवातीला डाग चारातल्या एकीला तरी दिसतो, आणि पुष्कळ जणींचं बाळ सुखरूप येतं. म्हणून घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोनोग्राफीशिवाय कुणालाच कळत नाही. कधी डाग नाही, कळ नाही, आणि आत ठोका थांबलेला असतो. अंथरुणाला खिळून राहिल्याने जाणारा गर्भ थांबत नाही. गाठीबरोबर मांसासारखं काही पडलं तर स्वच्छ डबीत घालून दाखवायला न्या.

तासाला दोन पॅड भिजतायत, असे सलग दोन तास गेले, चक्कर आली, ताप आला, घाण वास यायला लागला, यातलं एक जरी झालं तर १०८ ला फोन करा आणि बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा. एका कुशीत कळ आणि खांद्याच्या टोकाला दुखणं, तर पॅड कोरडं असलं तरी निघा. गर्भ पिशवीऐवजी नळीत असेल तर रक्त आत पोटात सांडतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर आपणहून सांगा, पुढच्या बाळाला जपणारं अँटी-डी इंजेक्शन लागेल का ते बघतील. लागलं तर ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यायचं असतं.

नोकरीवाल्यांनो, कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. डॉक्टरांचा कागद जपून... हो हो, उठते. पेटीवाल्या बाई रागावल्यात. ज्यांना आपला रक्तगट माहीत नाही, त्यांनी भजन झाल्यावर मागच्या बाकाकडे या.