नाशिकरोडला छापलेली पाकिस्तानची नोट

मंडळी, ही नोट हातोहात पुढे द्या, पण पाकिटातून बाहेर काढू नका. दहा रुपयांची आहे. सहावा जॉर्ज, रिझर्व्ह बँकेचं नाव, सही बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुखांची. आणि डोळ्यांना खटकेल अशी गोष्ट म्हणजे मोकळ्या पांढऱ्या जागेत वर इंग्रजीत ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’, खाली उर्दूत ‘हुकूमत-ए-पाकिस्तान’. रायगडाजवळच्या नाते गावात जन्मलेल्या माणसाच्या सहीवर कराची-लाहोरचा बाजार चालला, आणि छपाई झाली आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.

देश एका रात्रीत होतो, नोटांचा छापखाना होत नाही. म्हणून फाळणीनंतरही काही काळ पाकिस्तानचं चलन रिझर्व्ह बँकच सांभाळत होती. १ एप्रिल १९४८ पासून एक, दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या या नोटा तिकडे निघाल्या. ही व्यवस्था खरं तर सप्टेंबरअखेरपर्यंत चालायची होती. पण पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींवरून आधीच बिनसलं होतं; ती ३० जूनलाच आटोपली आणि १ जुलैला कराचीत स्टेट बँक ऑफ पाकिस्तान उघडली. ब्रह्मदेश १९३७ साली वेगळा झाला, तेव्हाही भारतीय नोटांवर ‘फक्त ब्रह्मदेशात चालेल’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आलीच होती. तो मोठा विषय आहे, आज नको.

संग्राहक या पाकिस्तानी नोटांना ‘ओव्हरप्रिंट’ म्हणतात. मीही म्हणतो, जिभेला सवय झालीय. पण ते चूक आहे. तयार नोटांवर नंतर शिक्का मारलेला नाही. छपाईच्या प्लेटवरच ही अक्षरं कोरून घेतली होती. हा फरक मी पैसे घालवून शिकलो.

सुरुवातीच्या काळात परगावच्या एका विक्रेत्याकडून पाचाची नोट घेतली. भाव केला नाही, दुसरा कोणी उचलेल ही धास्ती! घरी येऊन भिंगाखाली धरली. मधल्या घडीवर कागद झिजून त्याचे तंतू सुटले होते. घडीवर आलेल्या अक्षराची शाई त्या तंतूंत शिरून फुटली होती, टीपकागदावर फुटते तशी. म्हणजे नोट आधी खिशाखिशांतून फिरली, घडी पडली, आणि ‘पाकिस्तान’ त्यावर नंतर उमटलं. भारतीय नोट साधी, तिला कुणीतरी घरबसल्या सरहद्दीपार पाठवलं होतं.

तेव्हापासून मी आधी घडी बघतो, मग किंमत विचारतो. टाचणीच्या भोकांनी मात्र बिचकू नका. गड्ड्या टाचून ठेवायची तेव्हा रीतच होती. आणि कृपा करून नोट धुऊन इस्त्री करू नका, हे मला अजूनही लोकांना सांगावं लागतं.

तिसऱ्या रांगेतले काका, आता ती उजेडासमोर धरा. मोकळ्या जागेत जलचिन्ह दिसेल, राजाचंच तोंड. त्यात विसंगत काही नाही. १९४८ साली तो दोन्हीकडचा राजा होता.